पेले व्हायला निघालेला मुलगा बॅलेत कसा टिकला: कार्लोस अकोस्टाचं प्रकरण

हवानाच्या दक्षिणेला, शहर संपत येतं तिथे लॉस पिनोस नावाची वस्ती आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका पोराच्या डोक्यात दिवसरात्र फुटबॉल होता. मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं: पेले. तो नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला बॅलेच्या सरकारी शाळेत नेऊन घातलं. त्याला ते मुळीच नको होतं. तो दांड्या मारायला शिकला, तासाच्या वेळी मैदानावर दिसू लागला, आणि काही वर्षांनी शाळेनं त्याचं नाव काढून टाकलं.

त्याच मुलानं १९९० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या ‘प्री द लोझान’ या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. बॅले शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जगात याहून मोठा मान क्वचितच असेल. पुढे तो लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला आणि जानेवारी २०२० पासून बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक आहे. कार्लोस अकोस्टा.

शाळेतून हकालपट्टी आणि सुवर्णपदक यांच्यात जेमतेम चार-पाच वर्षं आहेत. एवढ्या काळात असं काय घडलं? ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे उत्तर साधारण एकच असतं: बाप खमक्या होता, त्यानं पोराला सोडलं नाही, म्हणून पोरगं घडलं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि पालकांच्या हातात पडलं तर घातकही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायचं आहे.

घर, वस्ती आणि फुकटचं जेवण

कार्लोसचा जन्म २ जून १९७३ चा. वडील पेद्रो ट्रक चालवायचे. कार्लोस झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांच्या अकरा मुलांत हा शेंडेफळ. पेद्रो कृष्णवर्णीय, त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यावर गुलाम होते आणि ‘अकोस्टा’ हे आडनाव मळ्याच्या मालकाकडून आलेलं. आई मारिया गोऱ्या वर्णाची, स्पॅनिश वळणाच्या घरातली. घरात पैशाची कायमची ओढाताण. वडिलांनी धाकट्याला ‘युली’ असं टोपणनाव ठेवलं होतं आणि वस्तीत तो त्याच नावानं ओळखला जाई.

वस्तीतल्या पोरांचा दिवस रस्त्यावर जायचा. फुटबॉल, दुसऱ्यांच्या झाडांवरचे आंबे, आणि त्या वर्षांत हवानात नव्यानं आलेलं ब्रेकडान्सचं वेड. कार्लोस ब्रेकडान्समध्ये पटाईत होता, म्हणजे लय आणि अंगाची लवचीकता त्याच्यात होतीच. पण त्याला नाचाची शाळा नको होती. नाच हा त्याच्या लेखी रस्त्यावरचा खेळ होता आणि फुटबॉल हे आयुष्य.

पेद्रोंना बॅले कुठून सुचलं? तरुणपणी, क्रांतीच्या आधीच्या क्युबात, ते फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका चित्रपटगृहात चोरून शिरले होते आणि तिथे पडद्यावर त्यांनी बॅले पाहिलं होतं. ते चित्र डोक्यातून कधी गेलं नाही. शिवाय हिशेब सरळ होता. पोरगं रस्त्यावर राहिलं तर आज आंबे चोरतंय, उद्या आणखी काही चोरेल. बॅलेची शाळा सरकारी, फी नाही, दुपारचं जेवण फुकट, आणि शिकून बाहेर पडला तर हाताला काम. एका ट्रक ड्रायव्हरनं केलेला हा विचार अत्यंत शहाणपणाचा होता. तो निष्ठुर नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्या पद्धतीवर बोलणार आहे.

ही शाळा एवढ्या सहज उपलब्ध का होती, हेही पाहायला हवं. क्युबाची नामांकित नर्तिका अलिसिया अलोन्सो, तिचा तेव्हाचा नवरा फेर्नान्दो आणि दीर आल्बेर्तो यांनी १९४८ साली हवानात स्वतःची बॅले कंपनी काढली. १९५९च्या क्रांतीनंतर कास्त्रोच्या सरकारनं तिला पैसा दिला आणि ती क्युबाची राष्ट्रीय कंपनी झाली. शाळांचं जाळं उभं राहिलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांची चाचणी घ्यायची: कंबरेच्या सांध्याची फिरत, पावलाची कमान, पाठीचा कणा, ताल. निवडलेल्याला पाच वर्षं प्राथमिक शिक्षण, मग परीक्षा, मग तीन वर्षं माध्यमिक. सगळा खर्च सरकारचा. पण सुरुवातीला मुलगे मिळेनात. क्युबातला बापही पोराला नाचायला पाठवायला तयार नव्हता. तेव्हा फेर्नान्दो अलोन्सो अनाथाश्रमात गेले आणि तिथून मुलगे निवडून आणले. त्यांच्यातला होर्खे एस्किवेल पुढे अलिसियाचा नृत्यातला जोडीदार झाला. ज्या देशाच्या पुरुष नर्तकांच्या उड्यांवर आज जग फिदा आहे, त्या देशात मुलगे आणायला अनाथाश्रमाची पायरी चढावी लागली होती.

दांड्यांची वर्षं

लॉस पिनोस ते वेदादो, म्हणजे हवानातल्या ज्या भागात शाळा होती तिथपर्यंत, हा रोजचा प्रवास. पहाटे उठायचं, गर्दीच्या बस बदलायच्या, आणि तिथे पोहोचून काय तर कठडा धरून गुडघे वाकवायचे.

हे शेवटचं जरा जवळून पाहू, कारण नऊ वर्षांच्या फुटबॉलवेड्या मुलाला बॅले का सोसत नाही ते इथेच कळतं. भिंतीलगत लाकडी कठडा असतो, त्याला बार म्हणतात. रोजचा तास तिथून सुरू होतो. पहिला प्रकार प्लिए: टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून, पाठ ताठ ठेवून गुडघे हळूहळू वाकवायचे आणि तितक्याच हळू वर यायचं. मग तांद्यू: एक पाय जमिनीवरून सरकवत पुढे न्यायचा. आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं जमिनीला टेकलेली. परत येताना हाच क्रम उलटा. पुढे, बाजूला, मागे, पुन्हा बाजूला. मग दुसरा पाय. असं रोज, वर्षानुवर्षं. उडी, गिरकी, ज्यासाठी लोक तिकीट काढतात ते सगळं तासाच्या शेवटच्या भागात, आणि पहिल्या वर्षात तर त्यातलं फारच थोडं. गोल मारायची सवय लागलेल्या मुलाला या तासाभरात मारायला काहीच सापडत नाही.

त्यात वस्तीतल्या पोरांची चेष्टा. आपल्याकडे नाचणाऱ्या मुलाला ‘नाच्या’ म्हणून कसं हिणवतात ते ज्यानं ऐकलंय त्याला लॉस पिनोसच्या गल्लीची वेगळी ओळख करून द्यायला नको. कार्लोसनं मारामाऱ्या केल्या, आणि आपण अजूनही त्यांच्यातलेच आहोत हे दाखवायला आणखी जास्त फुटबॉल खेळला.

घराचंही याच काळात काही धड नव्हतं. वडील एका वाहन अपघाताच्या प्रकरणात तुरुंगात गेले. आईला मेंदूत रक्तस्राव झाला. शाळेत शिक्षकांना दिसत होता तो फक्त एक उनाड, गुणी पण हाताबाहेर गेलेला मुलगा. वडील घरी असले की दांडीचा पत्ता लागल्यावर मार ठरलेला. मार खाऊन तो शाळेत जाई आणि पुन्हा पळे. २००७ साली आलेल्या आत्मचरित्रात अकोस्टानं हा मार लपवलेला नाही आणि वडिलांवरचं प्रेमही लपवलेलं नाही. दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच लेखणीनं लिहिलेलं आहे.

हिशेब मांडला तर या वर्षांत सक्तीनं काय मिळवून दिलं? हजेरी, तीही अधूनमधून. थोडा पाया, कारण अंग शिकत असतं, मन नसलं तरी. आणि शेवटी हकालपट्टी. मारून मुटकून वैद्यबुवा म्हणतात ते हेच.

पिनार देल रिओ

नाव कापलं गेल्यावर पेद्रोंपुढे दोन वाटा होत्या. पोराला घरी आणायचं आणि फुटबॉल खेळू द्यायचं, किंवा दुसरी शाळा शोधायची. त्यांनी दुसरी शोधली. इथे मला त्यांचं खरं श्रेय दिसतं, मारण्यात नाही. हवानाच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर पिनार देल रिओ हे तंबाखूच्या मळ्यांचं गाव आहे. तिथे प्रांताची कलाशाळा होती, वसतिगृहासकट. कार्लोसला तिथे घेतलं गेलं.

तेरा वर्षांचा मुलगा, घरापासून लांब, पहिल्यांदाच एकटा. वस्ती नाही, गल्लीतली टोळी नाही, चेष्टा करणारेही नाहीत. आणि इथे एका संध्याकाळी राष्ट्रीय कंपनीचा प्रयोग पाहायला मुलांना नेलं.

रंगमंचावर आल्बेर्तो तेर्रेरो होता. अकोस्टानं पुढे वारंवार सांगितलं आहे की त्या माणसाला हवेत उडताना पाहिलं आणि आपल्याला हेच व्हायचंय हे कळलं. ताकद, उंच उडी, हवेत क्षणभर थांबल्यासारखं दिसणारं शरीर, आणि हे सगळं करणारा एक दणकट पुरुष.

या प्रसंगाकडे ‘साक्षात्कार’ म्हणून पाहायची पद्धत आहे. मला त्यात एक साधी, चटका लावणारी गोष्ट दिसते. नवव्या वर्षापासून बॅले शिकणाऱ्या मुलाला, ज्या देशात बॅले राष्ट्राची शान आहे त्या देशात, तेराव्या वर्षापर्यंत आपण नेमके कशासाठी गुडघे वाकवतोय हे मनाला भिडेल असं कुणी दाखवलंच नव्हतं. पेलेचं नाव आणि पेलेची चित्रं वस्तीतल्या प्रत्येक पोराकडे होती. बॅलेतला पेले कुणी पाहिला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर होता तो फक्त कठडा. वडिलांनी स्वतः तरुणपणी पडद्यावर बॅले पाहिलं, त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न त्या पाहण्यातून आलं. पण मुलाला मात्र त्यांनी पाहायला नाही, थेट करायला पाठवलं. या प्रकरणातली ही खरी गाठ आहे, असं मला वाटतं.

त्या संध्याकाळनंतर दांड्या थांबल्या. कोणी मारायला जवळ नसताना थांबल्या.

फुटबॉलचं अंग वाया गेलं का?

पालक नेहमी विचारतात, आधीची इतकी वर्षं खेळात गेली, ती फुकटच ना? उत्तर शरीरात शोधायला हवं.

फुटबॉलमध्ये जवळचा पास देताना खेळाडू मांडी बाहेर फिरवतो आणि पावलाच्या आतल्या कडेनं चेंडू ढकलतो. कंबरेच्या सांध्यातून पाय बाहेर फिरवणं हा तर बॅलेचा पाया, टर्नआउट म्हणतात तो. जोरदार शॉट मारताना घोटा खाली ताणलेला आणि पाऊल टोकदार असतं. बॅलेतही पाऊल टोकदारच हवं. फरक असा की शॉटच्या क्षणी घोटा कुलूप लावल्यासारखा घट्ट असतो, तर तांद्यूमध्ये पावलातला एकेक सांधा क्रमानं उघडावा लागतो. म्हणजे फुटबॉलपटूला ताकद आयती मिळते आणि नजाकत शून्यातून शिकावी लागते. हेडरसाठी उडी घेणाऱ्याला उंची मिळवण्याचं आणि हवेतल्या वेळेचं गणित आपोआप कळतं. मात्र खाली येताना त्याचं लक्ष पुढच्या चेंडूवर असतं. बॅलेत खाली येणं हा उडीचाच भाग: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघे वाकलेले, आणि आवाज नाही.

नुकसानही असतं, ते झाकून चालणार नाही. सतत शॉट मारून आणि वेगानं धावून मांडीचे पुढचे-मागचे स्नायू आणि कंबरेचे स्नायू आखडतात. घोट्याला वारंवार मुरगळ बसली की लिगामेंट सैल पडतात आणि एका पायावर तोल धरणं अवघड होतं. बारा ते पंधरा या वयात हाडं भराभर वाढतात, त्या काळात दोन्हीकडचा भार एकाच गुडघ्यावर, एकाच टाचेवर येतो. साधारण बाराव्या वर्षापर्यंत दोन्ही हातात हात घालून चालू शकतं. नंतर रोजचा बॅलेचा तास आणि टॅकलचा खेळ एकाच आठवड्यात बसवायचा तर जपून.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. इंग्लंडचा बचावपटू रिओ फर्डिनंड लंडनच्या पेकहॅममधला. अकराव्या वर्षी त्याला सेंट्रल स्कूल ऑफ बॅलेची शिष्यवृत्ती मिळाली आणि चार वर्षं तो तिथे तासाला जात होता. पुढे तो मँचेस्टर युनायटेडचा आणि इंग्लंडचा कर्णधार झाला. कार्लोस फुटबॉल सोडून बॅलेत आला, रिओ बॅले सोडून फुटबॉलमध्ये गेला. दोघांच्याही अंगात दुसऱ्या शाळेतलं बरंच काही राहिलं.

अकोस्टाला पाहिलेलं कोणीही त्याची उडी विसरत नाही. ती केवळ वर्गात तयार झाली नाही. त्या उडीत लॉस पिनोसच्या रस्त्यावरचा बराच घाम आहे, हे मी पैजेवर सांगेन.

पुढचा रस्ता, आणि त्याची किंमत

पिनार देल रिओनंतर तो हवानाच्या राष्ट्रीय शाळेत परतला आणि रामोना दे सा यांच्या हाताखाली आला. या बाईंनी त्याला १९८९ साली इटलीत तुरिनला नेलं आणि तिथून लोझानच्या स्पर्धेसाठी तयार केलं. लोझाननंतर त्याच वर्षी पॅरिसच्या स्पर्धेतही त्यानं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. १९९१ साली शिक्षण पूर्ण. अठराव्या वर्षी इंग्लिश नॅशनल बॅलेचा प्रमुख नर्तक, त्या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत तरुण.

इथवर गोष्ट चढतीची. पण अठरा वर्षांचा मुलगा लंडनच्या थंडीत, भाषा येत नाही, घर समुद्रापलीकडे. घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो क्युबात परतला. बरं व्हायला बराच काळ गेला. या परतीत घरीच राहावं, सगळं सोडावं असं त्याला वाटत होतं. घरची ओढ ही त्याच्या आत्मचरित्रातली सगळ्यात मोठी वेदना आहे. ज्या गल्लीतून बाहेर काढायला बापानं जिवाचं रान केलं, ती गल्ली मिळावी म्हणून पोरगं परदेशातल्या खोलीत झुरत होतं. आपल्याकडचे पालक मुलाला बारा-तेराव्या वर्षी अकादमीत ठेवताना पैशाचा हिशेब करतात. हा हिशेब कुणी फारसा करत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन बॅलेचे संचालक बेन स्टीव्हन्सन यांनी त्याला आपल्या कंपनीत घेतलं. १९९८ मध्ये तो रॉयल बॅलेत आला. वर्णाचा प्रश्न सगळीकडे होताच. बॅलेत कृष्णवर्णीय पुरुषाला गुलामाची, जंगलातल्या योद्ध्याची भूमिका पटकन मिळते, राजपुत्राची नाही. अकोस्टानं राजपुत्र नाचले. २००६ साली तो रॉयल बॅलेचा पहिला कृष्णवर्णीय रोमिओ झाला. २००७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय कंपनीबरोबर त्यानं स्पार्टाकस केला, गुलामांच्या बंडाचा नायक. गुलामांच्या वंशातल्या माणसानं ही भूमिका पाहुणा कलाकार म्हणून बोल्शॉयबरोबर करावी, याचं मोल पेद्रोंना वेगळं सांगावं लागलं नसेल.

शास्त्रीय बॅलेतून निवृत्त होताना त्यानं हवानात अकोस्टा दान्सा ही स्वतःची कंपनी उभी केली, आणि २०२० पासून बर्मिंगहॅम. तिथे त्यानं २०२३ साली ब्लॅक सॅबथ या त्या शहरातल्याच हेवी मेटल बँडच्या संगीतावर बॅले बसवून घेतलं आणि कधी बॅले न पाहिलेला श्रोता थिएटरात आणला. रस्त्यावरून आलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

पाहिलं म्हणून

माझा मुद्दा असा आहे की या प्रकरणाची कळ ‘पाहण्यात’ आहे. केवळ एका संध्याकाळच्या जोरावर हे बोलतो आहे असं वाटू नये म्हणून पुढचा पुरावा देतो.

२००३ साली अकोस्टानं हवानात स्वतःची पहिली मोठी नृत्यरचना मंचावर आणली, ‘तोकोरोरो’. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाची गोष्ट. त्याच्या स्वतःच्या आयुष्याची सावली तिच्यात स्पष्ट दिसते. त्यात लहानपणाची भूमिका त्याचा पुतण्या-भाच्यांच्या पिढीतला योना अकोस्टा करत होता. हा मुलगा पुढे इंग्लिश नॅशनल बॅलेत नाचला आणि नंतर म्युनिकच्या कंपनीत गेला. त्याच घरातला, त्याच रक्ताचा मुलगा. पण त्याच्यासमोर बॅले करणारा कार्लोस होता. बॅले म्हणजे काय आणि ते करून माणूस कुठे पोहोचतो हे त्याला घरातच दिसत होतं. जे कार्लोसला तेराव्या वर्षी दिसलं, ते योनाला जाणत्या वयात आल्यापासून.

२००९ च्या जुलैत रॉयल बॅले हवानाला गेलं, अकोस्टा त्यात होता. तिकिटं संपली तेव्हा बाहेर मोठे पडदे लावले आणि रस्त्यावरच्या माणसांनी, त्यांच्या पोरांनी प्रयोग पाहिला. कलेच्या दृष्टीनं तो दौरा महत्त्वाचा होताच. माझ्या मते त्यातले सगळ्यात मोलाचे ते पडदे होते.

मग बापाच्या सक्तीचं काय? पेद्रो नसते तर कार्लोस शाळेच्या दारापर्यंत पोहोचला नसता आणि नाव कापल्यावर दुसऱ्या दारापर्यंत तर नक्कीच नाही. हे मान्य करायलाच हवं. पण दारापर्यंत नेणं वेगळं आणि आत ठेवणं वेगळं. आत त्याला ठेवलं ते तेर्रेरोच्या उडीनं, वसतिगृहातल्या एकांतानं आणि नंतर रामोना दे सा यांच्या शिकवण्यानं. मार काढून टाकला असता तरी या गोष्टी घडल्या असत्या. तेर्रेरो काढून टाकला असता तर कितीही मार पुरला नसता.

मुंबईपर्यंत

आपल्याकडे बॅलेची परंपरा नाही, त्यामुळे तुलना जपून करायला हवी. तरी एक जोडी समोर आहे. नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान. दोघांनाही आधी रस्त्यावरच्या नाचाचं, बी-बॉइंगचं वेड. म्हणजे वळण लॉस पिनोससारखंच. येहुदा माओर हे मूळचे इस्रायलचे बॅले शिक्षक मुंबईत शिकवत होते, त्यांच्या नजरेला हे दोघे पडले. अमीरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्यासाठी लागलेला पैसा जमवावा लागला. कोणत्या सरकारी खात्याची ती जबाबदारी नव्हती.

अमीरुद्दीननं बॅले सुरू केलं ते किशोरवयात, क्युबातली मुलं पाच वर्षांचा पाया पुरा करतात त्या सुमाराला, आणि मनीषनं त्याहूनही उशिरा. नऊ-दहाव्या वर्षी कंबरेचा सांधा जितका फिरवता येतो तितका पंधराव्या वर्षी येत नाही, हाडं बसलेली असतात. ती उणीव या मुलांनी तासन्‌तास घाम गाळून भरून काढली, आणि सगळ्यांना ती भरून काढता येत नाही.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहायला बापाच्या खांद्यावर बसून आलेली पोरं असतात. गोव्यात तर फुटबॉल राज्याचाच खेळ आहे. त्यांच्यातल्या एखाद्याच्या पायात बॅले असेल तर ते ओळखायला आज आपल्याकडे कुठलीही चाचणी नाही आणि त्याला पुरुष नर्तक उडताना दाखवायला रंगमंचही नाही. फोनच्या पडद्यावर आता सगळं दिसतं हे खरं, आणि अमीरुद्दीन-मनीषच्या पिढीला त्याचा फायदा झालाच. पण शिकवणारा एखादाच. माओर यांनी त्यांना घेतलं नसतं, किंवा एखाद्या दिवशी वैतागून काढून टाकलं असतं, तर या दोघांना जायला मुंबईत दुसरं दार नव्हतं. कार्लोसला दीडशे किलोमीटरवर होतं, आणि तिथलं जेवणही फुकट होतं.